गाठ माझी, बोल तिला

हे लिहायला बसलो तेव्हा पहिला अर्धा तास एकाच शब्दावर गेला. पुस्तकात त्याला वृषण म्हणतात. आमच्या तालमीत जे म्हणतात ते छापता येणार नाही. आणि घरात आम्ही त्याला काहीच म्हणत नाही. माझा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला असं आता वाटतं. ज्याला घरात नावच नाही, त्याला काही झालं तर सांगायचं कसं?

मी रणजित, वय चौतीस. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणी विभागात काम करतो. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे, पेठेतल्या तालमीचा फुटबॉलचा संघही असतो, आणि आमच्या संघाचा गोलकीपर मी होतो. गेल्या वर्षी मला उजव्या वृषणाचा कॅन्सर झाला. आता बरा आहे, ठरलेल्या तारखांना तपासणीला जातो. शूर म्हणवून घ्यायला हे लिहीत नाही. मी शूर नव्हतो, उलट चांगलाच भित्रा होतो, आणि माझ्या भित्रेपणाचा भार माझ्या बायकोनं वाहिला. ते लिहिल्याशिवाय आजाराबद्दल काही लिहिलं असं होणार नाही.

चेंडू

लीगच्या सामन्यात एक जोराचा फटका सरळ जांघेत बसला. मी गुडघ्यांवर आलो आणि पाच मिनिटं मैदानावर लोळलो. गॅलरीतून काय काय सल्ले आले ते सोडून देतो. दोन दिवसांत दुखणं थांबलं आणि मी विसरलो.

पंधरा दिवसांनी आंघोळ करताना बोटाला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, कडक आणि अजिबात न दुखणारी. मी लगेच निकाल देऊन टाकला, चेंडूचा मार. तालमीत आमचे वस्ताद आहेत, सत्तरी ओलांडलेले. मोडलेली बोटं, उसण भरलेल्या कमरा सगळं त्यांच्याकडे जातं. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी बघितलं नाही आणि मीही दाखवलं नाही. ते म्हणाले, "मुका मार हाय. आंबेहळद लाव आन् लंगोट घट्ट बांध. उतरतंय."

मी चार महिने आंबेहळद लावली. कामावर मी दिवसभर लोखंडाच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, हातोडी मारून आवाजावरून आतली पोकळी ओळखतो. माझा शेरा पडल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. असला हा हुशार माणूस स्वतःची गाठ हरभऱ्याची सुपारी होईपर्यंत हळद फासत बसला. दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, अशी माझी पक्की समजूत होती. खरं म्हणजे दुखत नव्हती म्हणूनच पळत जायला हवं होतं.

चिठ्ठी

बायकोला सांगितलं नाही. तेजश्री कुरुंदवाडची, इथे एका पतसंस्थेत काउंटरवर असते. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आता 'मूल नव्हतं' म्हटलं की पुढचं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तपासण्या तिच्या, गोळ्या तिला, सोमवार आणि गुरुवारचे उपास तिचे. धाकट्या भावाच्या बायकोचं डोहाळजेवण झालं तेव्हा आईनं तेजश्रीला सांगितलं, "तू आत जेवणाचं बघ." ओटी भरायला तिला बोलावलं नाही. मी तेव्हा तिथेच खुर्च्या मांडत होतो. ऐकलं, आणि खुर्च्या मांडत राहिलो.

पण त्याच्याही आधीची गोष्ट जास्त वाईट आहे. चेंडू लागायच्या सात-आठ महिने आधी तेजश्रीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून सांगितलं होतं. आता नवऱ्याची तपासणी करा म्हणाल्या आणि माझ्या नावानं वीर्यतपासणीची चिठ्ठी लिहून दिली. तेजश्रीनं ती माझ्यासमोर ठेवली. मी म्हणालो, "तालमीतला गडी हाय मी. माझ्यात काय असनार?" तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. त्या संध्याकाळी आईनं विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण. तेजश्री तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, हिचंच औषध चालू ठेवायला सांगितलंय.

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. आणि त्या वाक्यावर आमच्या घरातलं पुढचं वर्ष चाललं, आईनं सगळ्या नातेवाइकांत तेच पोचवलं.

हळदीचे डाग

पकडलं ते हळदीनं. कपडे धुताना तेजश्रीला डाग दिसले. तिनं विचारलं, मी चेंडूची कथा सांगितली. ती म्हणाली, दाखवा. मी उडवाउडवी केली. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, माझ्या मोटारसायकलच्या मागे येऊन बसली आणि म्हणाली, "चला. कुठं ते मी सांगते."

युरॉलॉजिस्ट डॉक्टर वयस्क, शांत. हातमोजे घालून त्यांनी अर्धं मिनिट तपासलं, आणि मी चार महिने जे कुणाला दाखवलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात संपलं. सोनोग्राफी करायला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. लाजेनं मी छतावरचा पंखा बघत होतो. मग लक्षात आलं की ती माझ्याकडे बघतच नाहीये, ती पडद्याकडे बघतीये आणि बोलायची थांबली आहे. माझी लाज तिथे संपली आणि भीती सुरू झाली.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. म्हणाले, "ही माराची गाठ नाही. चेंडूनं काही केलेलं नाही. चेंडू लागला म्हणून तुमचा हात तिथं गेला, एवढंच. हा कॅन्सर असावा, आणि वृषण काढावं लागेल. लवकर."

मी जगेन का, हे मी विचारलं नाही. मी विचारलं, "म्हणजे मी गडी राहणार का न्हाय?"

त्यांना ते नवीन नसावं. एक वृषण नीट असलं तर संबंधांना, दाढीमिशीला, ताकदीला पुरतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. हा कॅन्सर बरा होणाऱ्यांपैकी आहे, हेही सांगितलं. मग विचारलं, मुलं किती? तेजश्री म्हणाली, नाहीत. ते म्हणाले, मग ऑपरेशनच्या आधी वीर्य गोठवून ठेवू, पुढे केमो लागली तर उपयोगी पडेल. पूर्वी कधी तपासलं होतं का?

तेजश्रीनं पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून ती घडी काढली आणि टेबलावर ठेवली. वर्षभर ती चिठ्ठी तिच्या खांद्याला लटकत कामावर जात होती आणि परत येत होती. डॉक्टरांनी तारीख वाचली. "तेव्हा आला असता तर मी तेव्हाच हातानं तपासलं असतं," ते म्हणाले. "कदाचित काही सापडलं नसतं. कदाचित सापडलंही असतं."



डबी

वीर्य द्यायची खोली ही जगातली सगळ्यात केविलवाणी खोली असावी. एक रेक्झिनचा कोच, एक बेसिन, एक कॅलेंडर. कॅन्सर झालाय हे कळून दोन दिवस झालेले, बाहेर बायको बाकावर बसलेली, आणि आत मी हातात प्लॅस्टिकची डबी घेऊन उभा. पहिल्या दिवशी जमलं नाही. तिथल्या ताईंनी शांतपणे सांगितलं, बऱ्याच जणांना नाही जमत, उद्या या. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी जमलं. रिपोर्ट आला तो तेजश्रीनं आधी वाचला. शुक्रजंतू फार कमी होते, पण होते, आणि गोठवण्याजोगे होते. डॉक्टर म्हणाले की ही कमतरता आणि हा आजार पुष्कळदा जोडीनं येतात. खात्रीनं सांगता येणार नाही, पण कमतरता आजची नसावी. सहा वर्षं मूल का झालं नाही, त्याचं उत्तर बहुतेक हेच.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही बोलेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भूक लागलीये." आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो, तिनं दोन वडे मागवले आणि दोन्ही स्वतःच खाल्ले. मग बाहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला काय नको तुमच्याकडनं. एकदा आईंना खरं सांगा. मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्हीच सांगायला पाहिजे." मी हो म्हणालो.

वॉर्ड

ऑपरेशन जांघेतून होतं, वाटतं तेवढं मोठं नाही. तिसऱ्या दिवशी मी चालत घरी आलो. पण स्कॅनमध्ये पोटातल्या लसिकाग्रंथीही सुजलेल्या दिसल्या, आजार तिथवर गेला होता, म्हणून केमो. तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत पाच दिवस ॲडमिट, मग मध्ये घरी.

सकाळी सहाला सिस्टर वजनकाटा घेऊन यायची. मग रक्त, मग चहा, मग सलाईनची बाटली, मग दुसरी बाटली. लघवी मापून लिहायची. नळाच्या पाण्यालाही गंजलेल्या खिळ्याची चव. कानात सतत बारीक शिट्टी. केस गेले, भुवया गेल्या, मिशी गेली. मिशीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेजारच्या कॉटवर शिरोळचे एक काका होते, ऊसवाले, घशाच्या गाठीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "पावणं, तुमचं कुठलं?" मी म्हणालो, पोटाचं. ते म्हणाले, "पोटाचं म्हनणारा दर आठवड्याला एक येतोय हितं." मग मी खरं सांगितलं. आजार कळल्यापासून हे मी स्वतःच्या तोंडानं कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. काकांनी नुसतं "बरं हाय, जोडीतलं एक हाय की," म्हटलं आणि कूस बदलली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

जेवण म्हणजे ताकातल्या कण्या. तोंड आतून सोललं होतं, दुसरं काही जात नव्हतं. तेजश्री काम सुटल्यावर डबा घेऊन यायची. एकदा वस्ताद आले, तालमीत गाठीचं ठाऊक असलेले ते एकटेच. काठी टेकून अर्धा तास बसले, हवापाण्याचं बोलले, आणि उठताना म्हणाले, "चुकलं माझं. न बघता सांगिटलं." मी म्हणालो, वस्ताद, दाखवलं कुठं होतं मी. पण त्यांचे डोळे भरले होते. तेव्हापासून तालमीत कुणी जांघेचं दुखणं घेऊन आलं तर ते अंगालाही हात लावत नाहीत, दवाखान्याचा पत्ता देतात.

आणि आईला सांगायचं? पहिल्या फेरीनंतर म्हटलं, दुसरी होऊ दे. दुसरीनंतर म्हटलं, अंगात त्राण नाही. आईला 'पोटात गाठ' एवढंच माहीत होतं. ती रोज माझ्या उशाशी बसायची आणि तेजश्रीकडे बघून उसासे टाकायची. आजारी माणसाला सगळं माफ असतं, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

मित्राचा प्रश्न

कामावर परत गेलो आणि बातमी फुटली. तालमीत मग मीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. असलं काही घरातल्या बायकांसमोर कुणी काढत नाही, म्हणून आईपर्यंत ते पोचलं नाही. पहिले दोन दिवस चेष्टा झाली, अपेक्षितच होती. तिसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. प्रत्येक फोन 'माझ्या एका मित्राला विचारायचंय' असा सुरू होतो. कोल्हापुरात एवढे मित्र आजारी आहेत हे मला माहीत नव्हतं.

एका 'मित्राचा' प्रश्न होता, लहानपणापासून हाताची सवय आहे, त्यानं असं होतं का. नाही होत, मी डॉक्टरांना स्वतः विचारलंय, कारण माझीही तीच शंका होती. अपराधीपणानं मी चार रात्री तळमळलो होतो. एकाला वाटत होतं की घट्ट लंगोटानं झालं असेल, एकाला वाटत होतं की भट्टीच्या उष्णतेनं. माझ्या गाठीला असलं काही कारण लागलं नव्हतं. बायकोला लागेल का? लागत नाही. एक चाळिशीतले गृहस्थ तर भेटायला आले, कॅन्टीनमागे नेऊन म्हणाले की वर्षभर ताठरता येत नाही, रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूकडून पुड्या घेतोय. मी त्यांना पुड्या टाकायला लावल्या आणि डॉक्टरांकडे धाडलं. त्यांना मधुमेह निघाला. त्यांना तो ठाऊकच नव्हता.

मी डॉक्टर नाही, हे प्रत्येकाला सांगतो. एवढंच सांगतो की महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतःच्या हातानं बघा. काही कडक लागलं, जड वाटलं, आकार बदलला, तर चेंडूवर ढकलू नका.

आणि जो प्रश्न कुणीच पुरता विचारत नाही, 'मग तुमचं... घरी...' एवढ्यावरच थांबतात, त्याचंही उत्तर देतो. केमो संपल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, गर्भ राहू नये याची काळजी घ्यायच्या अटीवर. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. काहीही झालं नाही. अंगानं साफ नकार दिला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि मनात म्हटलं, डॉक्टर खोटं बोलले. तेजश्री म्हणाली, "परीक्षा हाय का ही?" आणि तिला हसू आलं. तिच्या हसण्यानं मला आधी राग आला, मग मलाही आलं. हार्मोनची तपासणी केली, व्यवस्थित निघाली. डॉक्टर म्हणाले, भीती आहे, जाईल. महिनाभर आम्ही नुसते जवळ झोपत होतो. मग गेली भीती. कधी गेली तो दिवसही नीट आठवत नाही.

आई

राहिलं होतं ते एकच. तीन महिन्यांचा स्कॅन स्वच्छ आला. आई पेढे घेऊन आली, देवापुढे ठेवले, मला दिले, तेजश्रीला दिले आणि लगेच म्हणाली की आता पोरगं बरं झालं, आता हिचं बघू. सांगलीला एक डॉक्टर आहे म्हणे. सोमवारी हिला घेऊन जाते. तेजश्रीनं पेढा तसाच हातात धरला होता.

मला सगळी कारणं संपल्याचं जाणवलं. केस परत आले होते, त्राण आलं होतं, मिशीसुद्धा आली होती.

मी म्हणालो, "आई, हिच्यात काय न्हाय. कधीच नव्हतं. कमी माझ्यात हाय. डॉक्टरीणबाईंनी माझी तपासणी सांगितलेली, मी गेलो न्हाय आणि तुला खोटं बोललो. गाठ पोटात नव्हती." मग कुठे होती तेही सांगितलं. आईसमोर तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला.

आई तेजश्रीकडे वळली. "तुला ठावं होतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

तेजश्री म्हणाली, "तुमचा विश्वास कुणावर बसला असता, आई?"

आई उठली. मला वाटलं, आता देवघरात जाऊन रडेल. ती पुढच्या सोप्यात गेली आणि मोबाईल घेऊन खुर्चीवर बसली. तिला फोनवर हळू बोलता येत नाही, पलीकडचं माणूस ज्या गावात आहे तिथपर्यंत आवाज गेला पाहिजे असं तिला वाटतं. नेसरीच्या काकूला फोन लागला. दारं उघडी होती, समोरच्या घरातली मंडळी ओट्यावर बसली होती.

"ऐक, मी सांगिटलेलं ते खोटं हाय," आई म्हणाली. "आमच्या तेजश्रीत काय बी न्हाय. एकदम चांगली हाय. कमी आमच्या रणजितमधी हाय. व्हय, रणजितमधी. मीच तिला नाय नाय ते बोललो सहा वर्षं."

काकू काहीतरी समजावत असावी, कारण आई मध्येच म्हणाली, "लाज कसली? तिची काढताना वाटली न्हाय, आता कशाला वाटंल?"

समोरच्या ओट्यावरची बोलणी थांबली होती. मी जमिनीत जायचा बाकी होतो. स्वयंपाकघराच्या दारात तेजश्री भिंतीला टेकून उभी होती. रडत होती आणि तो पेढा खात होती.

आईनं फोन ठेवला, चष्मा पुसला आणि कुरुंदवाडला, तेजश्रीच्या आईला, फोन लावला.